आजवर कधी झालं नव्हतं, मग आताच का? ॲलर्जी शरीरात घडते कशी

डावा हात उताणा ठेवून मी खुर्चीत बसलो होतो. सिस्टरनं बॉलपेननं कोपरापासून मनगटापर्यंत दोन रांगांत आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब सोडला आणि त्या थेंबातून बारीक सुईनं कातडीला नुसतं टोचलं. रक्तही आलं नाही. "पंधरा-वीस मिनिटं बसा. खाजवू नका." खाजवू नका म्हटलं की काय होतं ते सांगायला नको.

पहिला थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा होता, तिथं काहीच झालं नाही. दोन नंबरला डास चावल्यासारखी गांध उठली. सात नंबरला धुळीत राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्याचा अर्क होता. तिथंही अगदी तशीच गांध उठली, जरा मोठीच. दोन नंबरच्या थेंबात काय होतं, असं मी विचारलं. "हिस्टामीन. ते सगळ्यांनाच उठतं. चाचणी नीट चाललीय ना, हे कळायला ठेवतो."

मला ॲलर्जी तिथं कळली. दोन्ही गांधी सारख्या दिसत होत्या, कारण दोन्ही हिस्टामीन या एकाच रसायनानं उठवल्या होत्या. दोन नंबरला ते बाटलीतून आलं होतं आणि सात नंबरला माझ्याच कातडीनं ते स्वतःच्या साठ्यातून ओतलं होतं. माइटच्या अर्कानं माझं काहीही बिघडवलं नव्हतं. जे काही केलं ते मीच केलं होतं.

हाकलून देणारं खातं

शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेला आपण एकच एक सैन्य समजतो. प्रत्यक्षात तिच्यात वेगवेगळी खाती आहेत आणि त्यांच्या कामाच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. जिवाणू आला तर त्याला गिळून पचवणाऱ्या पेशी असतात. विषाणू आपल्याच पेशीत शिरून बसला तर ती पेशीच मारून टाकणाऱ्या पेशी असतात. पण जंत आला तर? जंत डोळ्यांना दिसतो, म्हणजे एका पेशीच्या मानानं तो डोंगराएवढा. त्याला गिळणार कोण? तिथं एकच उपाय उरतो, त्याला बाहेर ढकलायचं. त्यासाठी नाक आणि डोळे वाहते करायचे, शिंका आणि खोकला आणायचा, श्वासनळ्या आवळायच्या, आतडी पिळायची, उलटी-जुलाब करायचे, आणि कातडीवर काही असेल तर खाज आणून ते खरवडून काढायला लावायचं.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. ॲलर्जीच्या लक्षणांची यादी हीच आहे. ॲलर्जीत नवीन असं काही होत नाही. हाकलून देणारं जुनं, अनुभवी खातं चुकीच्या पत्त्यावर जाऊन पूर्ण प्रामाणिकपणे आपलं काम करतं, एवढंच.

हे खातं फक्त जंतांसाठीच असावं असंही नाही. विषारी दंश आणि विषारी पदार्थ झटकन बाहेर काढायलाही ते असावं, असा विचार मार्गी प्रोफेट यांनी १९९१ मध्ये मांडला होता. पुढे २०१३ मध्ये उंदरांवर मधमाशीच्या विषाचे प्रयोग झाले. त्या विषाची आधी ओळख झालेले उंदीर नंतरच्या मोठ्या मात्रेतून जास्त संख्येनं वाचले, आणि त्यांना वाचवण्यात ॲलर्जीच्याच यंत्रणेचा हात होता. म्हणजे हे खातं निरुपयोगी नाही.

पहिली भेट: नोंद होते, त्रास होत नाही

ॲलर्जीचा पेशंट हमखास म्हणतो ते वाक्य म्हणजे "हे मी आजवर कितीदा खाल्लंय, कधी काही झालं नाही." त्याचा अर्थ तो असा घेतो की, तेव्हा झालं नाही म्हणजे आताही त्यामुळे झालेलं नसणार. खरं तर ॲलर्जी व्हायला आधीची भेट लागतेच.

परागकण नाकात जातो किंवा अन्नाचा कण भेगाळलेल्या कातडीतून आत शिरतो, तेव्हा तिथल्या पहारेकरी पेशी त्यातलं एखादं प्रथिन उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन दाखवतात. गळ्याशी किंवा काखेत सुजल्यावर हाताला लागतात त्याच या गाठी. तिथं निवाडा होतो की हे काय आहे आणि याचं काय करायचं. बहुतेक वेळा निवाडा "निरुपद्रवी आहे, सोडून द्या" असा असतो. आपण रोज इतकी परकी प्रथिनं खातो आणि तरी जगतो, ते या निवाड्यामुळेच.

कधीकधी मात्र निवाडा चुकतो आणि प्रकरण हाकलून देणाऱ्या खात्याकडे जातं. मग त्या खात्याची प्रतिपिंडं तयार होतात. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन. त्याच्या दोन फांद्यांची टोकं एकाच ठरावीक वस्तूला घट्ट बसतील अशी घडवलेली असतात. प्रतिपिंडांचे पाच प्रकार आहेत. त्यातल्या आयजीई या प्रकाराशी आपलं काम आहे. रक्तात तो सर्वांत कमी सापडतो. नेहमीच्या आयजीजीच्या तुलनेत हजारो पटींनी कमी, आणि तिथं तो दोन-तीन दिवसच टिकतो. पण रक्त ही त्याची राहायची जागाच नाही. कातडीत आणि नाक, श्वासनळ्या, आतडी यांच्या अस्तरात मास्ट पेशी बसलेल्या असतात. आयजीई आपलं देठ त्यांच्यावर रोवतो आणि फांद्या बाहेर काढून आठवडेच्या आठवडे तसाच थांबतो.

हे उघडकीला कसं आलं, त्याची गोष्ट मोठी मजेदार आहे. १९२१ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरना मासा चालत नसे, प्राउसनिट्झना चालत असे. प्राउसनिट्झनी क्युस्टनरच्या रक्तातला द्रव आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. गांध उठली! माशाची ॲलर्जी एका माणसाकडून दुसऱ्याकडे उसनी गेली होती, तीही पोटावरच्या तेवढ्याच तुकड्यापुरती. रक्तात 'काहीतरी' आहे हे यातून पक्कं झालं, पण ते काय आहे हे सापडायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींना आणि स्वीडनमध्ये जोहान्सन आणि बेनिच यांना ते साधारण एकाच काळात, १९६६-६७ मध्ये, स्वतंत्रपणे सापडलं. त्याचं आयजीई हे नाव १९६८ मध्ये ठरलं. इतका उशीर का लागला? कारण ते रक्तात इतकं थोडं असतं.

"मग बाळाला आयुष्यात पहिल्यांदा अंडं भरवलं आणि लगेच ओठ सुजले, ते कसं?" हा आक्षेप रास्त आहे. तोंडानं ती पहिली भेट असेल, शरीराची नसते. इसब असलेल्या बाळाची कातडी भेगाळलेली असते. भरवणाऱ्याच्या हाताला किंवा पांघरुणाला लागलेल्या अन्नाचे कण त्या भेगांतून आत जातात. पोटातून आलेल्या अन्नाला शरीर शक्यतो पाहुणा समजतं आणि फाटक्या कातडीतून आलेल्याला घुसखोर, हा फरक पुढे पुन्हा कामाला येईल.

दुसरी भेट: लॉकरच्या दोन किल्ल्या

मास्ट पेशींना हे नाव पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये दिलं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ खाऊन पुष्ट झालेली, असा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या. एर्लिखना वाटलं, हे पेशीनं खाल्लेलं अन्न आहे. ते दाणे म्हणजे अन्न नव्हतं, दारूगोळा होता. हिस्टामीन आणि त्याच्या जोडीची इतर रसायनं भरलेल्या शेकडो पुड्या पेशी आधीच बांधून तयार ठेवते.

आता तोच परागकण परत येतो. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसं इथंही असतं. एका आयजीईला प्रथिन चिकटलं तर काही होत नाही. एकाच प्रथिनाला शेजारशेजारचे दोन आयजीई धरून बसले आणि त्यामुळे एकमेकांजवळ ओढले गेले, की पेशीला इशारा मिळतो आणि पुड्या बाहेर फुटतात. पेशीला रसायन बनवत बसायचं नसतं, ते तयारच असतं. म्हणून सगळा प्रकार मिनिटांत होतो.

हिस्टामीन बारीक रक्तवाहिन्या रुंद करतं, म्हणून कातडी लाल होते. त्यांच्या भिंती झिरपू लागतात, म्हणून पाणी बाहेर येऊन गांध फुगते. खाजेच्या नसाही तेच चेतवतं. नाकात हेच घडलं की नाक चोंदतं आणि गळतं. याला आपण "अंगावर पित्त उठलं" म्हणतो, पण यकृतातल्या पित्ताचा त्यात काडीचाही संबंध नाही. पित्ताच्या नावानं उपास करून पाहणाऱ्यांची मला म्हणूनच दया येते. पुस्तकी मराठीत ॲलर्जीला 'अधिहर्षता' म्हणतात. रात्रभर अंग खाजवत बसलेल्या माणसाला तो शब्द ऐकवायची हिंमत कुणी करू नये.

पुड्या फुटल्यावर पेशी थांबत नाही. ती ल्युकोट्राइन नावाची आणखी रसायनं ताजी बनवू लागते. ती श्वासनळ्या आवळण्यात हिस्टामीनपेक्षा कितीतरी जोरकस असतात. शिवाय रक्तातून इतर पेशींना बोलावणं जातं. ती कुमक यायला काही तास लागतात. माझ्या हातावरची गांध दुपारी बसली होती. रात्री पाहतो तर तीच जागा पुन्हा रुंद, गरम आणि कडक झालेली. चाचणी बिघडली की काय, असं वाटलं. ती दुसरी लाट होती. "सकाळी धूळ झाडली, तेव्हा ठीक होतो, रात्री छाती भरली" असं दम्याचे पेशंट सांगतात, त्याचं एक कारण हेच.

एवढ्याशा कणानं जीव कसा जातो?

माझ्या हातावर जे रुपयाएवढ्या जागेत झालं, तेच एकदम सगळ्या अंगात झालं तर? सगळ्या रक्तवाहिन्या एकाच वेळी रुंद होतात आणि झिरपतात. रक्त तेवढंच किंवा कमी, नळ्या मात्र मोठ्या, त्यामुळे दाब कोसळतो. घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. कण किती मोठा होता याला इथं फारसं महत्त्व नाही. घंटा वाजवायला बोट लागतं, आवाज घंटेचा असतो.

हा शब्द शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये घडवला. समुद्रपुष्पाचं विष थोडं थोडं टोचून कुत्र्यांना त्याची सवय लावता येईल, अशी त्यांची कल्पना होती. पहिल्या मात्रेतून सुखरूप वाचलेल्या एका धडधाकट कुत्र्याला तीन आठवड्यांनी पुन्हा टोचलं, तर ते अर्ध्या तासाच्या आत मेलं. संरक्षण मिळायच्या ऐवजी उलटंच झालं, म्हणून 'संरक्षणाच्या उलट' अशा अर्थाचा शब्द. या कामासाठी रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. श्वास अडकतोय, आवाज बसतोय, चक्कर येतेय, किंवा अंगावर गांधी आणि सोबत उलट्या होतायत, अशा वेळी ॲलर्जीची गोळी घेऊन वाट पाहत बसू नये. त्यावरचं औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनलिन. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनळ्या उघडतं आणि मास्ट पेशींनाही आवर घालतं. पेशंटला आडवं ठेवायचं (दम लागला असेल तर टेकून बसू द्यायचं), उठवून चालवायचं नाही. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

म्हणजे प्रतिकारशक्ती कमी आहे का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की "इम्युनिटी वाढवा, ॲलर्जी जाईल" असं सांगून काय काय विकलं जातं. ॲलर्जी असलेल्या माणसाची यंत्रणा दुबळी नसते, तिचं एका बाबतीतलं मत चुकलेलं असतं. ती चूक जोमानं करायला लावून काय मिळणार? ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये काढला, तेव्हा त्यांना 'बदललेली प्रतिक्रिया' एवढंच म्हणायचं होतं. कमी नाही, जास्तही नाही, बदललेली. एकशेवीस वर्षांनंतरही यापेक्षा नेमकं सांगता येत नाही.

मग परागकण आणि शेंगदाणाच का? तांदूळ का नाही?

भाताचीही होते, पण क्वचित. ॲलर्जी करणारी प्रथिनं साधारणपणे पाण्यात चटकन विरघळणारी आणि चिवट असतात. भाजून, शिजवून, पोटातल्या आम्लातून जाऊनही शेंगदाण्यातली काही प्रथिनं शाबूत राहतात. माइटच्या विष्ठेत प्रथिनं कातरणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. ती नाकाच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधेच उसवतात आणि आत शिरतात. असं भिंत फोडून येणाऱ्याला यंत्रणेनं जंत समजणं तसं समजण्यासारखं आहे. मांजराचं म्हणाल तर केस बिचारे निमित्त आहेत. खरं प्रथिन तिच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात असतं. ती अंग चाटते, ते वाळतं आणि हवेत तरंगतं. मांजर बाहेर गेल्यावरही खोलीत शिंका येतात, त्या यामुळे.

रिपोर्टमध्ये नऊ गोष्टी आल्या, आता खायचं काय?

बहुधा नेहमीचंच. चाचणी दाखवते ती नोंद, त्रास नव्हे. आयजीई आहे, पण ती वस्तू खाल्ल्यावर काहीही होत नाही, अशी माणसं भरपूर असतात. शिवाय एकासारखं दिसणारं दुसरं प्रथिन असलं तरी चाचणी फसते. बर्च झाडाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्यांना कच्चं सफरचंद खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते ती याच साम्यामुळे, आणि शिजवलेलं सफरचंद त्यांना बहुधा चालतं. म्हणून रिपोर्ट वाचायचा तो त्रासाच्या हकिगतीशेजारी ठेवून. शंका उरलीच तर डॉक्टरांच्या नजरेसमोर तो पदार्थ थोडा थोडा खाऊन पाहणं, हाच शेवटचा निकाल. एक जुजबी रिपोर्ट बघून वाढत्या वयाच्या मुलाचं दूध, अंडी, गहू सगळं तोडणारे आईवडील मी पाहिलेत. मुलाला ॲलर्जी नव्हती, नंतर वजन मात्र घटलं.

उलट, सोसत नाही ते सगळंच ॲलर्जी नसतं. दूध प्यायल्यावर पोट फुगतं ते बहुतेकांचं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही म्हणून. त्यात रोगप्रतिकार यंत्रणा येतच नाही, पोट दुखेल पण जीव जाणार नाही. दुधाची खरी ॲलर्जी असलेल्याला घोटभरही धोक्याचं ठरू शकतं. खोट्या दागिन्यातल्या निकेलनं कानाची पाळी चिघळते, ती ॲलर्जीच आहे, पण आयजीईची नाही. ती टी पेशींची, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतल्या एका वेगळ्या जातीच्या पेशींची असते आणि दोन दिवसांनी उमटते. टोचून करायच्या चाचणीत ती सापडणारच नाही.

पूर्वी एवढी नव्हती, आता का वाढली?

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासली. घरात मोठी भावंडं जितकी जास्त, तितका परागज्वर (परागकणांमुळे येणाऱ्या शिंका आणि सर्दी) कमी, असं त्यांना दिसलं. भावंडांकडून येणारा लहानपणीचा संसर्ग यंत्रणेला वळण लावत असावा, असा त्यांचा तर्क होता. तेव्हापासून "मुलांना घाणीत खेळू द्या" हे वाक्य कानावर येतं. ते मला अर्धवट वाटतं. गोवर किंवा कॉलरा होऊन ॲलर्जी टळत नाही, आणि हात धुणं सोडून तर मुळीच नाही. मुद्दा रोगजंतूंचा कमी आणि माती, जनावरं, आतड्यातले सूक्ष्मजीव अशा निरुपद्रवी सोबत्यांचा जास्त आहे.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांच्या शाळकरी मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. वंश जवळचा, खाणं-राहणं बरंचसं सारखं. आमिश मुलं लहानपणापासून गोठ्यात वावरतात. हटराइट समाजाची शेती यंत्रांची आणि जनावरं घरापासून लांब. दम्याचं प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत सुमारे २१. आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात सोडली, तर त्यांनाही दम्यापासून संरक्षण मिळालं.

काही वाढ आपणच करून ठेवली. धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० मध्ये दिला आणि २००८ मध्ये मागे घेतला. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ६४० बाळांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बाळं सगळी जोखमीची, म्हणजे तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. पाच वर्षांची झाल्यावर शेंगदाण्यापासून दूर ठेवलेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना त्याची ॲलर्जी होती, लहानपणापासून भरवलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांना. पाहुणा आणि घुसखोर आठवतायत ना? घरात शेंगदाणा असतोच. तोंडानं दिला नाही, तर तो कातडीनं जातो. (बाळाला अख्खा दाणा द्यायचा नाही, तो श्वासनळीत अडकतो. आणि इसब असलेल्या बाळाला सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करायची.)

गोळी काय करते, इंजेक्शन काय करतं

ॲलर्जीची नेहमीची गोळी हिस्टामीन काढून टाकत नाही. हिस्टामीन ज्या कुलपात बसतं, तिथं ती आधीच जाऊन बसते. म्हणून त्रास सुरू होण्याआधी घेतली तर जास्त उपयोगी पडते. म्हणूनच चाचणीआधी काही दिवस ती बंद ठेवावी लागते. जुन्या गोळ्यांनी झोप येते, कारण मेंदूत हिस्टामीनचं काम आपल्याला जागं ठेवण्याचं आहे आणि त्या गोळ्या तिथंही पोचतात. ओमॅलिझुमॅब हे औषध एक पायरी आधी हात घालतं. ते मोकळे आयजीई मास्ट पेशीवर रोवण्याआधीच पकडतं. अमेरिकेत ते २००३ मध्ये दम्यासाठी आणि २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्य झालं.

निवाडाच बदलायला लावणारा उपाय मात्र याहून कितीतरी जुना आहे. लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांचा अर्क परागज्वराच्या पेशंटना थोडा थोडा वाढवत टोचला. आजही इम्युनोथेरपी म्हणतात ती हीच, तीन ते पाच वर्षांची. यात जुनी नोंद पुसली जात नाही. शरीर तिच्याशेजारी दुसरी नोंद करतं. शांत करणाऱ्या टी पेशी वाढतात, आणि आयजीजीचा एक प्रकार तयार होतो, जो परागाला मास्ट पेशीपर्यंत पोचण्याआधीच धरतो.

माझी ही इंजेक्शनं सध्या चालू आहेत. प्रत्येक वेळी टोचून झाल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवतात. पहिल्या दिवशी मला तो वेळ फुकट वाटला होता. आता मी बाही वर करून बसतो आणि दंडावरची गांध किती मोठी होतेय ते बघत राहतो. समोरच्या टेबलावर ॲड्रेनलिनची कुपी आणि सिरिंज मांडून ठेवलेली असते.